यादीत कोणाचं नाव लिहायचं?

नमस्कार ताई,
मी वरोरा तालुक्यातल्या एका गावात राहते. बचत गटाची अध्यक्ष आहे, आता ग्रामपंचायतीतही सदस्य आहे. जिल्ह्यात दारूबंदी व्हावी म्हणून आम्ही बाया मोर्चात गेलो होतो. बंदी आली, मग उठली. आता गावात गांजा आला. पडक्या गोडाऊनमागं पोट्टे संध्याकाळी बसून राहतात, त्यात दहावीतले दोघं आहेत. येत्या ग्रामसभेत ठराव आहे की ओढणाऱ्या पोरांची यादी करून ठाण्यात द्यायची अन् कडक कारवाई मागायची. माझे दीर नागपूरला नोकरीला आहेत. ते म्हणतात, परदेशात गांजा खुला केला तर तिथं व्यसन कमी झालं, चोरून असते म्हणूनच पोरांना ओढ वाटते. माझा मोठा पोरगा त्या यादीत येईल. वीस वर्षांचा आहे, पोलीस भरतीसाठी पळते. काही बोललं तर म्हणते, "बाबा पेते ते चालते, अन् मी ओढलं का पोलीस?" ताई, नशा कडक कायद्यानं कमी होते का खुलं केल्यानं? अन् मी ठरावाला हात वर करू का नको?
– एक आई, जि. चंद्रपूर

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. यादीच्या ठरावाला हात वर करू नका. त्यात तुमचा मुलगा आहे म्हणून सांगत नाही, तो नसता तरी हेच सांगितलं असतं. पण दिरांचं ऐकून "खुलं करून टाका" असंही म्हणू नका. ठराव बदलून घ्या. तुम्ही सदस्य आहात, दुरुस्ती सुचवण्याचा तुम्हाला अधिकार आहे. ती दुरुस्ती काय असावी ते पुढं लिहिते. त्याआधी मोठ्या प्रश्नाबद्दल, कारण सभेत दोन्ही बाजूंनी तुम्हाला तोच विचारला जाणार.

बंदी आणि मोकळीक या दोन्हींचा अनुभव तुमच्या जिल्ह्याइतका फार थोड्यांनी घेतला असेल. १ एप्रिल २०१५ला चंद्रपुरात दारूबंदी लागू झाली. २७ मे २०२१ला मंत्रिमंडळानं ती उठवली आणि जुलैत दुकानं उघडली. मधली सहा वर्षं तुम्ही डोळ्यांनी पाहिली आहेत. आठवड्याची मजुरी हातात पडली की वाटेतच ती गिळणारं दुकान नव्हतं, हा फरक अनेक घरांतल्या बायांना जाणवला. त्याच वेळी शेजारच्या जिल्ह्यांतून पेट्या येऊ लागल्या, मोहाची भट्टी नाल्यात जाऊन बसली, पव्वा चढ्या भावानं अंधारात विकला जाऊ लागला. बंदी उठवताना सरकारनं कारण दिलं तेही हेच होतं: अवैध दारू वाढली आणि त्या धंद्यात बाया-लेकरं ओढली गेली.

या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि सभेत एक गट एकच सांगेल, दुसरा गट दुसरी. वस्तू सहज मिळेनाशी झाली, महाग झाली की वापर घटतो. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात दारूबंदी होती, तिथं लिव्हर खराब होऊन होणारे मृत्यू त्या काळात घटले होते. आणि त्याच वर्षांत चोरट्या दारूच्या टोळ्या गब्बर झाल्या.

आपल्या देशाचा आकडा बघा. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयानं दिल्लीच्या एम्सकडून पाहणी करवून घेतली, तिचा अहवाल २०१९मध्ये आला. १० ते ७५ वयोगटात दारू पिणारे सुमारे १६ कोटी निघाले. गांजा आणि चरस ओढणारे सुमारे १.३ कोटी. दारू बहुतेक राज्यांत परवान्यानं विकली जाते, गांजावर १९८५पासून देशभर तुरुंगाचा कायदा आहे. खुलं केल्यानं ओढ संपत असती तर दारूची ओढ कधीच संपायला हवी होती. एवढं दिरांना नक्की सांगा.

पण म्हणून यादीवाल्यांचं खरं ठरत नाही. बंदीनं आकडा कमी राहतो, याचा अर्थ शिक्षा जितकी वाढवाल तितका तो खाली जाईल असा नाही. गोडाऊनमागं बसलेल्या पोराला कलम माहीत नसतं. त्याला एवढंच माहीत असतं की काल कोणी आलं नाही आणि परवाही आलं नव्हतं. शिक्षा वीस वर्षांची आहे की एका वर्षाची, यानं त्याला काही फरक पडत नाही. पकडले जाऊ की नाही, यानं पडतो. गुन्हेगारीचा अभ्यास करणारे जगभर हेच सांगत आले आहेत.

आणि पकडलं कोण जातं? विदर्भात येणारा बराचसा गांजा आंध्र-ओडिशा सीमेवरच्या डोंगरपट्ट्यातून तेलंगण-छत्तीसगडमार्गे ट्रकनं, रेल्वेनं येतो. पोतं आणणारा तिथंच कुठंतरी असतो. ठाण्यात येतो तो पुडी ओढणारा. पोतं पकडलं तरी खटला उभा करणं सोपं नाही. अंगझडती राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर घ्यायला सांगण्याचा हक्क आरोपीला आहे, तो त्याला आधी सांगावा लागतो. नमुने, सील, वजन, पंचनामा यात कुठं खोट निघाली की खटला ढासळतो. शिक्षा मोठी असली की न्यायालय पुराव्यातही तितकंच काटेकोर असतं, आणि ते तसंच असायला हवं. पुडीवाल्या पोराचं मात्र काम सोपं असतं. तो गुन्हा कबूल करतो, दंड भरतो आणि मोकळा होतो. मोकळा म्हणजे कागदोपत्री. तुमचा मुलगा पहाटे उठून ज्या भरतीसाठी पळतो तिथं चारित्र्य पडताळणीत हाच कागद आडवा येईल, आणि भरतीची आशा सुटलेला पोरगा संध्याकाळी जाऊन बसणार कुठं? आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, अशी ही यादी आहे.

आता तुमच्या गावातल्या पानठेल्याकडं बघा, कारण या वादाचं उत्तर मला तिथं सर्वांत स्पष्ट दिसतं. राज्यानं २०१२मध्ये गुटख्यावर बंदी आणली, पुढं सुगंधित तंबाखू आणि खर्राही त्या बंदीत आले. आज विदर्भात कुठल्याही फाट्यावर उतरा. पोरगा पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना टाकतो, समोरच्याशी गप्पा मारत दोन्ही हातांनी घोटतो, रबर लावतो आणि पुढं करतो. शाळेच्या दप्तरात ती पुडी सापडते, रोवणीला गेलेल्या बाईच्या पदराला बांधलेली असते. कागदावर बंदी आहे, पण ना विकणाऱ्याला भीती, ना घेणाऱ्याला लाज. म्हणजे पाळायची नसलेली कडक बंदी कशी असते, ते आपल्याला रोज दिसतं.

त्याच तंबाखूची दुसरी बाजूही आहे. देशातल्या प्रौढांत तंबाखू वापरणारे २००९-१० साली ३४.६ टक्के होते, २०१६-१७ साली २८.६ टक्के झाले. महाराष्ट्रात ते ३१.४वरून २६.६ टक्क्यांवर आले. तंबाखू खाल्ली म्हणून कोणाला तुरुंगात टाकलं नाही. कर वाढला, पाकिटावर कॅन्सरचे फोटो आले, बसमध्ये आणि कचेरीत बिडी-सिगारेट ओढायला मनाई झाली, अठरा वर्षांखालच्यांना विकणं गुन्हा ठरला. खाणाऱ्याला चोर न ठरवता विकणाऱ्याचा हात आखडता केला की वापर घटतो, याचं आपल्याच देशातलं हे उदाहरण आहे.

दिरांनी परदेशाचं नाव घेतलं आहे, तर त्यांना विचारा, कुठला परदेश? सगळीकडं एकच झालेलं नाही. बहुतेक पोर्तुगालचं नाव घेतील. तिथं जुलै २००१पासून स्वतःपुरती, म्हणजे दहा दिवस पुरेल इतकी नशेची वस्तू जवळ बाळगणं हा फौजदारी गुन्हा राहिला नाही. पण विक्री गुन्हाच राहिली, दुकान कोणी उघडलं नाही. पकडलेला माणूस एका छोट्या समितीपुढं जातो, तिथं कायदा जाणणारा असतो, समाजसेवक असतो, मानसशास्त्राचा जाणकार असतो. ती त्याला उपचाराकडं वळवते. सोबत सरकारनं उपचाराची केंद्रं उभी केली, पैसा घातला. सुया वाटून घेणाऱ्यांत एचआयव्हीची नवी लागण खूप घटली, नशेच्या अतिरेकानं होणारे मृत्यूही घटले. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यानं २०२१मध्ये शिक्षा काढून टाकली, पण उपचाराची सोय वेळेवर उभी राहिली नाही. रस्त्यावर उघड नशा दिसू लागली, लोक वैतागले, आणि २०२४मध्ये शिक्षा परत आली. या दोन ठिकाणांतला फरक लक्षात ठेवा, सभेत कामी येईल.

आणि जिथं खरोखर दुकानं उघडली तिथं? कॅनडानं ऑक्टोबर २०१८मध्ये गांजा कायदेशीर केला. काळा बाजार बराच आटला, हे चांगलं झालं. प्रौढांमध्ये वापर मात्र वाढला. अमेरिकेत १९९२मध्ये रोज किंवा जवळजवळ रोज गांजा ओढणारे सुमारे ९ लाख होते, २०२२मध्ये ते सुमारे १ कोटी ७७ लाख झाले, रोज दारू पिणाऱ्यांच्याही पुढं गेले. ही वाढ काही राज्यांनी दुकानं उघडण्याच्या आधीपासून सुरू होती, म्हणून सगळं खापर कायद्यावर फोडणार नाही. पण दुकानदाराचा धंदा कोणावर चालतो? वर्षातून एकदा महाशिवरात्रीला भांग घेणाऱ्यावर चालत नाही, रोज येणाऱ्यावर चालतो. परवानाधारक विक्रेत्याचा फायदाच गिऱ्हाईक रोज येण्यात असतो, म्हणून तो जाहिरात करतो, चव बदलतो, पुडी छोटी करून स्वस्त करतो. गुटख्याच्या कंपन्यांनी आपल्या गावांत हेच केलं होतं. थायलंडनं जून २०२२मध्ये गांजा बंदीच्या यादीतून काढला, हजारो दुकानं उभी राहिली, आणि २०२५मध्ये पुन्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घालावी लागली.

तेव्हा माझं मत असं आहे: विकणाऱ्याला परवाना नको, आणि ओढणाऱ्याला तुरुंग नको. यासाठी नवा कायदा येण्याची वाट बघायला नको. आपल्या कायद्यात त्याची अर्धी वाट आधीच आहे, फक्त ती गावात कोणी सांगत नाही. एनडीपीएस कायद्यात, म्हणजे अमली पदार्थांच्या १९८५च्या कायद्यात, गांजाचं एक किलोपर्यंतचं प्रमाण 'अल्प' धरतात, त्याला जास्तीत जास्त एक वर्षाची शिक्षा किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. वीस किलोपेक्षा जास्त म्हणजे व्यापारी प्रमाण, तिथं दहा ते वीस वर्षं. आणि कलम ६४अ म्हणतं की सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य रुग्णालयात व्यसनमुक्तीचा उपचार घ्यायला गेला आणि तो घेतला, तर त्याच्यावर खटला चालवता येत नाही. उपचार अर्धवट सोडला तर मात्र ही सवलत काढून घेता येते. पोलीस पाटलांना हे कलम वाचून दाखवा. त्यांना माहीत नसेल तर त्यात त्यांचा दोष नाही, यादी मागणाऱ्यांनी ते कधी सांगितलेलं नसतं.

आता ठराव. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, तिथंच दुरुस्ती मंजूर करून घ्या म्हणजे मोठ्या सभेत तुम्ही एकट्या पडणार नाही. ठरावात ओढणाऱ्या कोणाचंही नाव नसावं. विकणारा कोण, माल कुठल्या दिवशी कोणत्या गाडीनं येतो, कुठं उतरतो, एवढंच लेखी द्यायचं, ठाण्यात आणि त्याची प्रत पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात, दोन्हीकडं पोच घेऊन. गावातला माणूस म्हणून एकटीनं देऊ नका, ग्रामपंचायतीच्या पत्रावर द्या. दहावीतल्या त्या दोन मुलांबद्दल ठरावात वेगळं वाक्य हवं: अल्पवयीन मुलाला नशेची वस्तू देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे, ते कलम विकणाऱ्यावर लावावं अशी मागणी करा. मुलं तिथं पीडित आहेत, आरोपी नाहीत. त्याच ठरावात शाळेजवळच्या ठेल्यावरचा खर्राही घ्या. गांजाविरुद्ध हात वर करणाऱ्यांच्या गालात खर्रा असेल तर पोरं कोणाचं ऐकणार?

एक गोष्ट तुमच्या पदाबद्दल. कोणाच्या तुरीत किंवा कपाशीत गांजाची झाडं लावलेली तुम्हाला कळली, तर गप्प बसता येणार नाही. पंच, सरपंच आणि गावच्या अधिकाऱ्यांनी अशी लागवड ताबडतोब कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. शेजारधर्म म्हणून पोटात ठेवू नका.

आणि आता पोरगा, ज्याच्यासाठी तुम्ही खरं तर हे पत्र लिहिलंत.

त्यानं विचारलेला प्रश्न टाळू नका. "बाबा पेते ते चालते" हे त्याचं बोलणं उद्धट वाटलं तरी चुकीचं नाही. घरात एक नशा चालते आणि दुसरीला पोलीस, हे वीस वर्षांच्या पोराला पटणार नाहीच. त्याला सांगा, "बाबांचंही मला चालत नाही, त्यांच्यासाठी मी मोर्चात गेले होते, तुझ्यासाठीही जाईन." हे तो नशेत नसताना, सकाळी पळून आल्यावर सांगा. डोळे लाल करून रात्री घरी येतो तेव्हा वाद घालू नका. शपथा घ्यायला लावू नका, देवळात नेऊन माळ घालायची घाई करू नका. तो किती दिवसांपासून ओढतो, रोज की आठवड्याला, एकटा की सोबत, झोप कशी आहे, पैसे कुठून येतात, हे विचारा आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबा. रोज ओढणारा एकदम थांबला की झोप उडते, चिडचिड होते, भूक मरते. पहिला आठवडा सर्वांत अवघड असतो, दोनेक आठवड्यांत बरंच निवळतं. या दिवसांत तो ताटावरून उठून जाईल, अंगावर येईल. तो बिघडला असं समजू नका, अंगातून गांजा उतरतोय असं समजा.

त्याला भ्रम होत असतील, कोणी मागं लागलंय असं वाटत असेल, एकटाच बोलत असेल, तर एक दिवसही थांबू नका. कोवळ्या वयात रोज गांजा ओढणाऱ्यांत अशा आजाराचा धोका वाढतो, घरात आधी कोणाला तसा आजार असेल तर आणखी.

चंद्रपूरच्या सरकारी रुग्णालयातला मनोविकार विभाग गाठा. तिथं जायचं नसेल तर सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालयही आहे. आधी फोनवर विचारायचं असेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, आणि १४४१६वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचे समुपदेशक मराठीत बोलतात. दोन्ही फोन मोफत आहेत. तुमच्या मुलाला भरतीची भीती असेल, म्हणून त्याला हेही सांगा की उपचाराची माहिती गुप्त ठेवणं २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. केसपेपर आपोआप ठाण्यात जात नाही. गुन्हा दाखल होणं आणि दवाखान्यात नाव लागणं यांतला फरक त्याला कळला, की तो यायला तयार होईल अशी मला आशा आहे. तयार नसेल तर बांधून, कोंडून नेऊ नका. आधी तुम्ही एकट्या जाऊन डॉक्टरांशी बोला, घरच्यांसाठीही समुपदेशन असतं.

जेवणात गुपचूप मिसळायची 'गॅरंटीची' पुडी विकणारे बाजारात आणि भिंतींवर दिसतील. ती घेऊ नका, कोणालाही देऊ नका. दारू पिणाऱ्याच्या जेवणात तसलं औषध गेलं आणि वरून तो प्यायला, तर जीव जाऊ शकतो.

यावरून शेवटचं, तुमच्या यजमानांबद्दल. मुलासोबत त्यांनाही दवाखान्यात चला म्हणा. "पोरगा तुमच्याकडं बघून थांबेल" एवढ्या एका वाक्यावर कधीकधी बाप तयार होतो. पण ते रोज, सकाळपासून पिणारे असतील, तर पोरासाठी म्हणून घरीच एकदम सोडायला लावू नका. गांजा एकदम सोडल्यानं जिवाला सहसा धोका नसतो, दारूचं तसं नाही. हात थरथरतात, फिट येऊ शकते, माणूस भ्रमिष्ट होऊ शकतो. शेवटचा घोट घेतल्यापासून पहिले तीन-चार दिवस सर्वांत धोक्याचे असतात. दारू बंद करण्याचा दिवस डॉक्टरांना ठरवू द्या, आणि ते म्हणाले तर त्या दिवसांत भरती करा.